नाकारणेला इंग्रजीत पाच-सहा शब्द, आणि मी नेमका चुकीचा पाठवला

ताणाबाणा_सोलापूर – सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजीचा आहे, पण सुरुवात टॉवेलपासून करावी लागेल.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळी भेळ. माझं इंग्रजी म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’. त्याच्या पुढं गेलं की घाम फुटतो.

गेल्या आठवड्यात बाहेरदेशच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेल आला. बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन), ३००० नग, आणि भाव मागच्या ऑर्डरचाच. मालकांनी कॅल्क्युलेटर ओढला. एक नग ४९० ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून १४७० किलो, घट वेगळी. सुताचा आजचा भाव घातला आणि कॅल्क्युलेटर बाजूला सारला. म्हणाले, “परवडत नाही. नाही म्हणून कळव. पण गोडीत कळव, गिऱ्हाईक तुटलं नाही पाहिजे.”

मी गोडीत कळवलं: ‘डिअर सर, वी डिनाय युवर ऑर्डर.’

दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘सॉरी, व्हॉट एक्झॅक्टली आर यू डिनायिंग? वी डिड सेंड इट.’ खाली त्यानं स्वतःचाच मूळ मेल पुरावा म्हणून परत जोडलेला. म्हणजे त्याला वाटलं, तुमची ऑर्डर आम्हाला आलीच नाही असं मी म्हणतोय. माझी धांदल उडाली. लगेच दुसरा मेल टाकला: ‘सॉरी सर, वी रिजेक्ट युवर ऑर्डर.’

त्यावर तीन दिवस शांतता. मालकांचा मुलगा पुण्यात शिकलेला आहे. त्यानं स्क्रीन बघितली आणि एवढंच म्हणाला, “काय बे, भांडण लावतो काय?”

मग डिक्शनरी काढली. डिनाय: नाकारणे. रिजेक्ट: नाकारणे. रिफ्यूज: नाकारणे. रिप्युडिएट: नाकारणे. डिक्लाइन: नाकारणे, घसरणे. छापणाऱ्यानं एकच खिळा सगळीकडं ठोकलाय.

आणि आता हे शब्द मला पाठलाग केल्यासारखे सगळीकडं दिसायला लागलेत. इन्स्पेक्शनवाला लॉटवर ‘रिजेक्ट’ लिहितो. नव्या पेठेत कार्ड घासलं तर मशीन ‘डिक्लाइन्ड’ म्हणतं. थकबाकी मागायला एका पार्टीला रजिस्टर पत्र पाठवलं होतं, ते ‘रिफ्यूज्ड’ असा शेरा घेऊन परत आलंय. वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात आधी ‘कॅशलेस डिनाइड’ असा कागद हातात पडला, आणि बिलं भरून पाठवल्यावर विमा कंपनीकडून पत्र आलं, ‘क्लेम रिप्युडिएटेड’. पाच कागद, पाच शब्द, आणि माझ्या लेखी सगळ्यांचा अर्थ एकच: जा घरी.

ह्यात खरंच फरक असतो का? आणि तिसरा मेल काय पाठवू ते सांगा की. मालक रोज विचारतायत.

---

सरळसोट – सोमवार, रात्री १०:०५

एवढं काय त्यात? ‘सॉरी, नॉट पॉसिबल’ लिहा आणि मोकळे व्हा. रोजच्या इंग्रजीत सगळं चालतं. समोरचाही बहुतेक इंग्रज नसणारच.

---

निवृत्त_बाई – सोमवार, रात्री ११:२०

सरळसोट, चाललं असतं तर त्या माणसानं आपलाच मेल पुरावा म्हणून परत जोडला नसता.

ताणाबाणा, एकतीस वर्षं मी आपल्याच सोलापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. ‘डिनाय म्हणजे नाकारणे’ हे फळ्यावर मीच किती वेळा लिहिलं असेल. त्यामुळे तुझ्या मेलमध्ये थोडा वाटा माझ्यासारख्यांचाही आहे. तेव्हा नीट सांगते.

नाही कसं म्हटलंय ते बघू नकोस. नाही म्हणायच्या आधी समोरून काय आलं होतं ते बघ. इंग्रजी क्रियापद त्यावर ठरतं.

आपल्याकडच्या एखाद्या लग्नाची पंगत घे. वाढपी हुग्गीचं पातेलं घेऊन तुझ्या ताटापाशी येतो. तू ताटावर आडवा हात धरतोस, किंचित पुढं वाकतोस, हसून म्हणतोस, “बस, पोट भरलं.” हे डिक्लाइन. समोरून काहीतरी देऊ केलं होतं, आमंत्रण होतं, प्रस्ताव होता, आणि तू तो आदरानं बाजूला सारलास. या शब्दाच्या पोटातच वाकणं आहे, लॅटिनमध्ये मूळ अर्थ बाजूला झुकणं. म्हणून तुझ्या डिक्शनरीत शेजारीच ‘घसरणे’ दिसलं. दोन्ही एकाच उताराचे.

तुझ्या शेजारी एक पोरगं बसलंय. आई म्हणते, कोशिंबीर खा. ते ओठ घट्ट मिटून मान फिरवतं. हे रिफ्यूज. समोरून विनंती होती, आग्रह होता, हुकूम होता, आणि उत्तर होतं: करणार नाही. त्यात नम्रता असेलच असं नाही, हट्ट मात्र असतो. म्हणून बैल रिफ्यूज करतो, स्कूटर पावसाळ्यात सुरू व्हायला रिफ्यूज करते. बैल कधी डिक्लाइन करत नाही, त्याला तेवढी रीतभात नसते.

आता स्वयंपाकघरात जा. आचारी दुधाचं पातेलं उघडतो, वास घेतो, नासलंय म्हणतो आणि ओतून देतो. हे रिजेक्ट. आधी तपासणी, मग बाद. मूळ अर्थ मागं फेकणं. इंजेक्ट म्हणजे आत फेकणं, इजेक्ट म्हणजे बाहेर फेकणं, त्याच कुळातला. तुमच्या एमआयडीसीत एअरजेट माग असतील. हवेच्या झोतानं बाण्याची तार फेकतात ना? त्या ‘जेट’चं आणि ‘रिजेक्ट’मधल्या ‘जेक्ट’चं मूळ एकच. तेव्हा तू दुसऱ्या मेलमध्ये त्या बिचाऱ्याची ऑर्डर हातात घेतलीस, हुंगलीस आणि त्याच्या तोंडावर परत फेकलीस. तीन दिवस तो गप्प बसला यात नवल नाही.

आणि पंगतीच्या शेवटी कुणीतरी ओरडतं, “हुग्गी संपली! कुणी चार-चार वाट्या खाल्ल्या?” तू म्हणतोस, “मी नाही.” हे डिनाय. इथं देणं-घेणं काहीच नाही. समोरून एक आरोप आला, किंवा एखादी गोष्ट घडली असं कुणी म्हटलं, आणि तू म्हणालास, तसं नाही. म्हणून ‘वी डिनाय युवर ऑर्डर’ वाचून त्याला वाटलं की अशी ऑर्डर होतीच कुठं, असं तू म्हणतोयस.

वाक्याची घडण बघ, कायमचं लक्षात राहील. समज, एका साहेबाच्या टेबलाखालून पाकीट सरकवलं गेलं. ‘ही रिफ्यूज्ड टू टेक द मनी’ म्हटलं तर साहेब सज्जन. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हटलं तर साहेबाची चौकशी चालू आहे. रिफ्यूज आणि डिक्लाइनच्या मागे ‘टू’ लावून पुढची कृती जोडता येते. डिनायच्या मागे आधीच घडलेली, निदान कुणी घडली म्हणतंय अशी गोष्ट येते. रिजेक्टच्या मागे कृती जोडताच येत नाही, वस्तू, अर्ज, कल्पना असं काहीतरी नामच लागतं. ‘ही रिजेक्टेड टू कम’ असं लिहिणाऱ्या मुलांचे मी अर्धे मार्क कापत असे.

तुझा घोळ कुठून झाला असेल तेही सांगते. आपल्या ‘इन्कार’मुळे. ‘पैसे द्यायला इन्कार केला’ आणि ‘आपण तिथे होतो याचा इन्कार केला’, दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. वर्तमानपत्रातलं ‘फेटाळणे’ तसंच. अर्जही फेटाळला जातो आणि आरोपही फेटाळला जातो. इंग्रजीत पहिल्याला रिजेक्ट, दुसऱ्याला बहुतेक वेळा डिनाय. आरोप ‘रिफ्यूट’ केला असंही सर्रास लिहितात. खरं तर रिफ्यूट म्हणजे पुरावा देऊन खोटा पाडणं. नुसतं नाही म्हटल्यानं काही रिफ्यूट होत नाही. पण हे सांगून सांगून माझा घसा बसला, आता इंग्रजच ते पाळत नाहीत.

झोपते आता. रिप्युडिएट उद्या.

---

टपाल_खात्यातला – मंगळवार, सकाळी ७:१५

बाई, जुन्या शाळेत बसल्यासारखं वाटलं. ‘रिफ्यूज्ड’वर आमचा हक्क आहे म्हणून लिहितो.

रजिस्टर पत्र परत येतं तेव्हा पाकिटावर शेरा असतो. घराला कुलूप असेल तर तसं लिहायचं, माणूस पत्ता सोडून गेला असेल तर ‘लेफ्ट’, कळवूनही घ्यायला कुणी आलं नाही तर ‘अनक्लेम्ड’. ‘रिफ्यूज्ड’ फक्त तेव्हाच, जेव्हा माणूस समोर उभा आहे, पत्र समोर आहे, आणि तो म्हणतो, घेत नाही. अनक्लेम्डवाला आळशी असू शकतो. रिफ्यूज्डवाल्याला आत काय आहे ते बहुतेक माहीत असतं.

साखर पेठेत मला एक गृहस्थ भेटायचे. पाकिटावर वकिलाचा शिक्का दिसला की स्वतःच दारात उभं राहून सांगायचे, “ते गावाला गेलेत.” मी म्हणायचो, काका, तुम्हीच की ते. “नाही वो, ते वेगळे.” आता बाईंचं वाचून कळलं. ते डिनाय करत होते आणि मी पाकिटावर रिफ्यूज्ड लिहीत होतो.

---

कोर्ट_कचेरी – मंगळवार, दुपारी १:३०

दुपारची सुट्टी आहे, बार रूममधून लिहितेय.

टपालदादांनी शेरा योग्य मारला. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ प्रमाणे नीट पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टरनं पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरलं जातं. समोरच्याला उलट सिद्ध करायचं तर करू दे. आणि ‘रिफ्यूज्ड’ शेऱ्याला कोर्ट बजावणी झाली असंच मानतं. तेव्हा ताणाबाणा, ते परत आलेलं पाकीट फोडू नका. बंदच ठेवा, आत काय होतं ते कोर्टात उघडू द्या. तो कागद तुमच्या कामाचा आहे.

बाईंशी माझं थोडं भांडण आहे. मराठीला एकाच शब्दावर भागवावं लागतं, हे मला पटत नाही. कोर्टाच्या मराठीत हे फरक जुनेच आहेत. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहिताना आम्ही म्हणतो, ‘परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस तो नाकबूल आहे.’ हा डिनाय. इथं ‘नामंजूर’ लिहिलं तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतील. अर्ज मात्र ‘नामंजूर’, तो रिजेक्ट. टॉवेल ‘नापास’. तिन्हीत ‘ना’ आहे, पण कबुली वेगळी, मंजुरी वेगळी आणि पास होणं वेगळं. शब्द आहेत हो. डिक्शनरी छापणाऱ्यांना कचेरीची पायरी चढायचा कंटाळा.

आणि नाकबूल करायचं तर मोघम चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ मध्ये नियमच आहे, की जो मुद्दा नेमकेपणानं नाकबूल केला नाही तो कबूल धरला जातो.

आमच्याकडे दाव्याच्या ‘नाही’लाही तीन तऱ्हा. दावा चुकीच्या कोर्टात आला तर वादपत्र ‘रिटर्न’ होतं, योग्य ठिकाणी नेऊन भरा. वादपत्रातूनच दाव्याला कारण दिसत नसेल किंवा कोर्ट फी कमी असून मुदतीत भरली नसेल तर ‘रिजेक्ट’. तिथं मुदतीचा कायदा आड येत नसेल तर नवं वादपत्र आणता येतं. साक्षीपुरावे होऊन हरलात तर ‘डिसमिस’. पक्षकाराला तिन्ही सारखेच वाटतात. पहिल्या दोघांत त्याला परत उभं राहता येतं, हे समजावण्यात आमची अर्धी वकिली जाते.

आता तुमच्या मेलबद्दल एक गंभीर प्रश्न. या ऑर्डरला तुम्ही आधी कुठं होकार दिला होता का? प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, ‘कन्फर्म्ड’ असं एखादं उत्तर, व्हॉट्सॲपवर मालकांचा अंगठा? कारण हो म्हणून झालं असेल तर आता डिक्लाइन करता येत नाही. तो रस्ता बंद. त्यानंतरच्या ‘नाही’चं नाव रिप्युडिएट. आपल्या सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० चं कलम ६० त्यावरच आहे. माल द्यायच्या तारखेआधीच एकानं करारातून अंग काढलं, तर दुसरा तारखेपर्यंत थांबू शकतो किंवा करार मोडला असं धरून नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो.

---

ताणाबाणा_सोलापूर – मंगळवार, संध्याकाळी ६:५०

वकीलताई, घाबरवलंत की वो. लगेच जाऊन सगळे मेल आणि मालकांचा फोन तपासला. होकार कुठंच नाही. अंगठा आहे, पण तो त्याच्या दिवाळीच्या शुभेच्छांना. पाकीट फोडलेलं नव्हतं, आता कपाटात टाकलंय.

बाई, दुधाचं पातेलं वाचून आमची इन्स्पेक्शन आठवली. ३००० नगांच्या लॉटमधून तो माणूस १२५ नग काढतो. एक्यूएल अडीचचा तक्ता असतो त्याच्याकडं, किती दोष चालवून घ्यायचे ते सांगणारा. मोठे दोष सातपर्यंत निघाले तर लॉट पास. आठवा निघाला की अख्खा लॉट रिजेक्ट. तार तुटलेली, पाईल (टॉवेलवरचे सुताचे फास) ओढलेला, कडेची शिलाई सुटलेली. आठवा नग टेबलावर पडतो तेव्हा फोल्डिंगच्या बायका पण हात थांबवून बघतात. म्हणजे मी त्या गिऱ्हाइकाला हे केलं. त्याच्या ऑर्डरीत काय आठ दोष काढले होते मी!

काल रात्री आईला विचारलं, तेलुगूत नाही म्हणायला किती शब्द? ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, कशाला नाही म्हणायचंय त्यावर आहे. बाईंनी सांगितलं तेच, शाळेत न जाता. ‘वद्दू’ म्हणजे नको. ‘कादू’ म्हणजे ते तसं नव्हे. ‘लेदू’ म्हणजे नाहीच, शिल्लक नाही किंवा झालंच नाही. आणि ‘चेय्यनु’ म्हणजे मी करणार नाही, जा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वद्दू लिहायचं होतं आणि मी कादू लिहून बसलो.

---

होटगी_रोड – मंगळवार, रात्री ८:१०

आमच्या कन्नडमध्ये पण हाय की. ब्याडा म्हणजे नको, अल्ल म्हणजे नव्हे, इल्ल म्हणजे नाही. आणि ओल्ले. ओल्लेला मराठीत शब्द नाही बघा. आमची आज्जी एकदा ‘ओल्ले’ म्हणाली की डॉक्टर, पोरगा, देव, कुणाच्या बापाची गोळी घेत नव्हती. ते रिफ्यूज.

---

निवृत्त_बाई – मंगळवार, रात्री १०:३०

ताणाबाणा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. फक्त एक दुरुस्ती. तुला नेमकं वद्दूसुद्धा लिहायचं नव्हतं. त्याची ऑर्डर तुला हवीच आहे, भाव नकोय. हे मेल लिहिताना उपयोगी पडेल, त्याकडे येते.

मराठीतही नको, नाही, नव्हे आहेतच. पण आपण ‘नव्हे’ सोडून दिलं. आता ‘हे माझं नाही’ आणि ‘हे माझ्याकडे नाही’, दोन्हीला ‘नाही’. सोलापुरात तेलुगू-कन्नड घरातली मुलं डिनाय आणि रिफ्यूजमध्ये कमी चुकायची, असं मला वर्गात वाटायचं. मोजून काही बघितलं नाही, नुसतं वाटायचं. वकीलताईंचं ‘नाकबूल’ मात्र मी मान्य करते. ते फळ्यावर लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता रिप्युडिएट. लॅटिनमध्ये ‘रेपुडियम’ म्हणजे काडीमोड. तोच अर्थ अजून आत बसलाय. नातं किंवा बांधिलकी होती, किंवा आहे असं समोरचा म्हणतोय, आणि तुम्ही म्हणता की आमचा याच्याशी संबंध नाही. तुझ्या वडिलांच्या क्लेमवर ‘रिजेक्टेड’ न लिहिता ‘रिप्युडिएटेड’ लिहिलं त्याचा अर्थ हाच. हा खर्च पॉलिसीप्रमाणे आमच्या अंगावर येतच नाही, असं कंपनी म्हणतेय. भाषा कळली म्हणून पैसे मिळत नाहीत, ते वकीलताई बघतील.

मशीनवरचं ‘डिक्लाइन्ड’ म्हणजे बँकेनं मशीनला शिकवलेला नम्रपणा. खात्यात पैसे नाहीत हे चारचौघांत सांगायची गोड तऱ्हा.

अजून दोन शब्द वाटेत सापडतील. ‘रिबफ’ म्हणजे झिडकारणं. कुणी मैत्रीनं पुढं आलं आणि तुम्ही तुसडेपणानं परतवलं. ‘स्पर्न’ म्हणजे लाथाडणं. हा माझा आवडता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खरोखर लाथ मारणं असाच होता. घोडेस्वाराच्या टाचेला जी आर असते तो ‘स्पर’ त्याचा भाऊबंद. दोन इतक्या लांबच्या भाषा, आणि नकार द्यायला दोघींनी पायच उचलला. ‘टर्न डाउन’ हा बोलण्यातला, नोकरी, लग्नाचं स्थळ, कर्ज, सगळ्याला चालतो. मेलमध्येही वाईट दिसत नाही.

मेलचा मसुदा तू आधी लिही. मी लाल पेन घेऊन बसते.

---

कोर्ट_कचेरी – बुधवार, सकाळी ९:०५

क्लेमबद्दल थोडक्यात. कॅशलेस डिनाय होणं म्हणजे क्लेम नाकारला जाणं नव्हे. फक्त दवाखान्याला परस्पर पैसे देत नाही, एवढंच. नंतर बिलं लावून मागता येतात, ते तुम्ही केलंतच. रिप्युडिएशनच्या पत्रात पॉलिसीची कोणती अट दाखवलीय ते बघा. नेमकी अट नसेल तर तेच पहिलं भांडण. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. त्यांनी महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. कार्यालय पुण्यात आहे, वकील लागत नाही, फी नाही. मात्र मुदत एक वर्षाची, कागद कपाटात विसरू नका.

मेलबद्दलही एक. ‘या भावात जमणार नाही, पण अमुक भावात देतो’ असं लिहिलंत तर कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याचा प्रस्ताव नाकारून नवा मांडलात. हाइड विरुद्ध रेंच, इंग्लंडमधला १८४० चा खटला. शेत १००० पौंडांना देऊ केलं, घेणारा म्हणाला ९५०. मालक नाही म्हणाल्यावर हा म्हणतो, बरं, १००० देतो. कोर्ट म्हणालं, ९५० म्हणालास तेव्हाच १००० चा प्रस्ताव मेला. तेव्हा बाईंची रीतभात वेगळी आणि आमचा कायदा वेगळा. मेलमध्ये शब्द कितीही गोड घाला, आमच्या वहीत तो रिजेक्टच.

---

ताणाबाणा_सोलापूर – बुधवार, दुपारी ४:१५

मसुदा. हसू नका.

‘डिअर सर, सॉरी फॉर माय लास्ट टू मेल्स, माय इंग्लिश इज अंडर रिपेअर. थँक यू फॉर द ऑर्डर. वी हॅव टू डिक्लाइन इट ॲट लास्ट इयर्स प्राइस, बिकॉज यार्न हॅज गॉन अप. वी कॅन ऑफर ४५० जीएसएम ऑर ४०० जीएसएम निअर युवर प्राइस. प्लीज डू नॉट डिनाय.’

४५० ला नग ४४१ ग्रॅमवर येतो, ३००० नगांत १४७ किलो वाचतात. मालक म्हणाले तिथं भाव बसवता येईल.

---

निवृत्त_बाई – बुधवार, संध्याकाळी ५:००

‘अंडर रिपेअर’ ठेव. तसं ते चूक आहे, पण माणूस हसेल, आणि हसलेला माणूस भाव ऐकून घेतो.

शेवटचं वाक्य काढ! परत डिनाय? आणि काल म्हटलं ते आठव. तुला ऑर्डर नको नाहीये. मग ‘इट’ला डिक्लाइन कशाला करतोस? ‘वी आर अनेबल टू मॅच लास्ट इयर्स प्राइस’ लिही. नाकारण्याचं एकही क्रियापद नाही आणि भावाला नाही म्हणून झालं. बाकी पाठव.

---

सरळसोट – बुधवार, संध्याकाळी ५:२०

म्हणजे शेवटी ‘सॉरी, नॉट पॉसिबल’च झालं की! मी सोमवारीच सांगितलं होतं.

---

ताणाबाणा_सोलापूर – शुक्रवार, सकाळी ११:४५

मंडळी, उत्तर आलं!! आधी हसण्याची ती पिवळी बाहुली, मग हे: ‘थँक्स, नाऊ आय अंडरस्टँड. वी विल पास ऑन द ४००. प्लीज सेंड अ सॅम्पल ऑफ द ४५०.’

४०० जीएसएम पास झालं! सॅम्पल न बघताच पास, असं कधी झालं नव्हतं. ४५० चं सॅम्पल नंतर सवडीनं पाठवतो. मालक मजल्यावर गेलेत, खाली आले की सांगतो. ४०० साठी सूत आजच काढायला सांगू का? आणि टिळक चौकातून पेढे आणायला पोरगं पाठवतोय.

---

निवृत्त_बाई – शुक्रवार, सकाळी ११:४८

थांब. पोराला जिन्यातच गाठ.

‘पास’ तुमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर मंजूर. ‘पास ऑन’ त्याच्या मेलमध्ये म्हणजे नको. पत्त्यांच्या डावात आपली पाळी सोडताना ‘पास’ म्हणतात ना, तसं. ४०० त्याला नकोय. ४५० चं सॅम्पल मागतोय, तेच आजच्या कुरिअरनं जाऊ दे.

सूत वद्दू. पेढे वद्दू.